नळ आला की एक ग्लास

बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेल्या माणसाला तीन कुंड्या सांभाळता येणार नाहीत, असं कोणी म्हणालं तर गुलाबराव त्याला पुढच्या थांब्यावर उतरवतील, मग तो घरचा का असेना. बुलढाणा–देऊळगाव राजा गाडीत ते शंभर-शंभर माणसं, त्यांच्या कोंबड्या आणि तुरीची पोती सांभाळत आले होते. त्यापुढे मनी प्लांट, पीस लिली आणि स्नेक प्लांट म्हणजे काय? ना घाटात उलटी करणार, ना खिडकीच्या जागेवरून भांडणार.

पण खरा प्रश्न कुंड्यांचा नव्हताच. प्रश्न होता छकुलीचा, म्हणजे त्यांच्या सहा महिन्यांच्या नातीचा. सून मयुरीची रजा महिन्याभरात संपत होती, मुलगा प्रसेनजित कॉलेजात शिकवत होता आणि बायको जनकाबाई अंगणवाडीत दुसऱ्यांची लेकरं सांभाळत होत्या. घरी रिकामे एकटे गुलाबराव. “छकुली माझ्याजवळ राहीन,” असं त्यांनी जेवताना जाहीर केलं, तेव्हा जनकाबाईंचा भाकरीचा घास हातातच राहिला.

“तुमच्याजवळ? सोताचा चष्मा सांभाळनं होत नाही तुमच्यानं.”

“चष्मा रडत नाही, म्हनून ध्यानात राह्यत नाही.”

प्रसेनजितने पाळणाघराचा फॉर्म आणूनच ठेवला होता. शेवटी मयुरीने तोड काढली. ती आणि प्रसेनजित छकुलीला घेऊन पंधरा दिवसांसाठी तिच्या माहेरी, वरवट बकालला चालले होते. तेवढ्या दिवसांत दिवाणखान्यातली तिची तीन झाडं बाबांनी एकट्याने सांभाळायची. जगली, तर फॉर्म फाडून टाकायचा. आईंनी हात लावायचा नाही.

“पानी कवा देऊ?” गुलाबरावांनी विचारलं.

“नळ आला की एकेक ग्लास. बाकी काही नको, बाबा.”

आता यात मयुरीचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या कॉलनीत नळ आठ-दहा दिवसांनी यायचा आणि सगळ्यांचा संसार नळाच्या तालावर चालायचा. गोधड्या नळाच्या दिवशी धुवायच्या, फरशी नळाच्या दिवशी पुसायची आणि पाहुणे नळाच्या दुसऱ्या दिवशी बोलवायचे. झाडांनाही दोन वर्षं तेच वेळापत्रक मानवलं होतं.

पोरं गेली त्याच दिवशी कॉलनीत भोंगा फिरला. नवी टाकी बांधून झाली होती आणि पाइपलाइनची चाचणी म्हणून पंधरा दिवस रोज पाणी सोडणार होते. कॉलनीत दिवाळी झाली. शेजारच्या तानुबाईंनी पडदे धुतले, पडद्यांचे दांडे धुतले, मग धुवायला काही उरलं नाही म्हणून नवऱ्याची स्कूटर धुतली.

गुलाबरावांनी पहिल्या दिवशी एकेक ग्लास पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी नळ आला, पुन्हा एकेक ग्लास. तिसऱ्या दिवशीही ते ग्लास घेऊन निघाले, तेव्हा जनकाबाईंना राहवलं नाही.

“अहो, काल देल्लं ना पानी?”

“काल कालचा नळ होता.”

“माती वली हाये. बोट घालून तं पाहा.”

“मयुरीनं बोटाचं काही सांगतलं नाही. नळ आला का नाही?”

“आला.”

“मंग सर बाजूले.”

पाचव्या दिवशी मनी प्लांटचं एक पान पिवळं पडलं. सातव्या दिवशी चार. पाणी कमी पडतंय हे त्यांना दिसत होतं, कारण बुलढाण्यात जन्मलेल्या माणसाला जास्त पाण्याने काही मरतं हे माहीत असायचं कारणच नाही. पण ग्लास एकच सांगितला होता. मग त्यांनी ग्लास काठोकाठ भरायला सुरुवात केली. आठव्या दिवशी नळ सकाळी आला आणि संध्याकाळीही आला. गुलाबरावांनी दोन्ही वेळा पाणी दिलं आणि जनकाबाई कपाळाला हात लावून बसल्या.

त्या संध्याकाळी मयुरीचा व्हिडिओ कॉल आला. गुलाबरावांनी फोन असा धरला की पीस लिलीचं एकुलतं एक हिरवं पानच दिसावं.

“बाबा, पाणी देताय ना बरोबर?”

“एकबी नळ चुकवला नाही, बेटा.”

“शाब्बास, बाबा! मला खात्रीच होती.”

गुलाबरावांनी जनकाबाईंकडे असं पाहिलं, जणू हायकोर्टाचा निकाल हातात आला आहे. मागे छकुली दोन्ही हात हलवत होती. फोन ठेवल्यावर मात्र ते बराच वेळ त्या पिवळ्या पानांसमोर बसून राहिले. पोरगी पाळणाघरात गेली, तर दिवसभर या घरात आपण करायचं काय, हे त्यांना खरंच कळत नव्हतं.

बाराव्या दिवशी कुंड्यांवर चिलटं घोंघावू लागली. तानुबाईंनी खिडकीतून उपाय सांगितला. “लिंबाचा पाला जाळा, भाऊ. एक चिलट राहीन तं मले सांगा.”

गुलाबरावांनी कुंड्या खिडकीत मांडल्या आणि घमेल्यात कडुनिंबाचा ओला पाला पेटवला. चिलटं जागेवर राहिली, गुलाबराव मात्र खोकत दाराबाहेर आले. खिडकीतून निघालेला धूर वरच्या मजल्यावरच्या कुलदीपने पाहिला. कुलदीप बँकेत शिपाई होता आणि आग विझवायचं प्रशिक्षण त्याने नुकतंच घेतलं होतं. प्रसंगाची तो वाटच पाहत होता.

“आग लागली, आग!”

एरवी कॉलनीत आग लागली असती तर लोकांनी पाण्याऐवजी सहानुभूती दिली असती. पण त्या पंधरवड्यात घराघरात भरलेल्या बादल्या होत्या, आणि त्या वापरायला कारण नव्हतं. एका मिनिटात खिडकीतून अकरा बादल्या आत आल्या. बारावी तानुबाईंची होती, ती गुलाबरावांच्या अंगावर गेली.

गर्दी पांगली आणि नेमका नळ आला. गुलाबरावांनी ओल्या कपड्यांनिशी ग्लास भरला.

“आता तं आंघोय झाली झाडाइची,” जनकाबाई म्हणाल्या.

“ते बादलीचं पानी. त्याचा आपल्याशी काही संबंध नाही.”

सोळाव्या दिवशी मंडळी परत आली. मयुरीने मनी प्लांटला हात लावला, तर तो मुळासकट हातात आला. पीस लिली कुंडीच्या काठावर मान टाकून पडली होती आणि स्नेक प्लांट बुडाशी उकडलेल्या वांग्यासारखा झाला होता.

“बाबा, पाणी किती वेळा दिलं?”

“सतरा वेळा. पंधरा दिवस रोज, अन दोनदा नळ दोन-दोन टाइम आला.”

“रोज? नळ रोज आला?” मयुरी खाली बसली, आणि जनकाबाईंनी धुराची-बादल्यांची हकिगत सांगितली तशी तोंडावर पदर धरून हसत सुटली.

प्रसेनजित हसला नाही. “म्हणजे पाळणाघरच,” एवढंच तो म्हणाला. गुलाबरावांनी मान खाली घातली. बत्तीस वर्षांत त्यांचा एकही प्रवासी हरवला नव्हता आणि आता तीन कुंड्यांत ते हरले होते. त्यांना फार वाईट वाटलं.

“थांबा,” मयुरी डोळे पुसत म्हणाली. “नियम माझा चुकला, बाबांनी तर तो धुरातही पाळला. सांगितलेलं सतरा वेळा जो माणूस करतो, तो माझ्या लेकीला एक वेळही उपाशी ठेवणार नाही. छकुली बाबांजवळच राहील.”

गुलाबरावांनी फॉर्म स्वतःच्या हातांनी फाडला, आणि तुकडे मोजून आठ केले.

मयुरी कामावर रुजू झाली त्या सकाळी ते आंघोळ करून, चष्मा लावून तयार होते. दुधाच्या वेळा, झोपेच्या वेळा, शी-शूच्या वेळा, सगळं फ्रिजवर लिहून ठेवलं आहे, असं मयुरी सांगून गेली होती. प्रसेनजित गेला, जनकाबाईही गेल्या. छकुलीने एकदा घर पाहिलं, एकदा आजोबांना पाहिलं आणि भोकाड पसरलं. गुलाबराव लगबगीने फ्रिजजवळ गेले. दारावर कागद होता. त्यावर एकच ओळ होती. त्यांनी तो काढून मागूनही पाहिला, मग मुकाट्याने फोन उचलून अंगणवाडीचा नंबर लावला.

“काय झालं?” पलीकडून जनकाबाईंनी विचारलं.

“काही नाही,” गुलाबराव म्हणाले. “मयुरीनं लिहून ठेवलं, ‘काहीही झालं तरी आधी आईंना विचारा.’ तं... इच्यारून राह्यलो.”