सत्तावीस मुकादम

एका जंगलात, मुलांनो, मोहफुलांची एक वखार होती. वखार अस्वलशेठची. तिथे सत्तावीस गाढवं गोण्या वाहायची. मजुरी दिवसाला चार पेंढ्या गवत.

त्या सत्ताविसांत एक होता धोंडबा. त्याची बायको गिरजा गाभण होती. चार पेंढ्यांत दोघांचं कसंबसं भागे, तिसऱ्याचं भागणार नव्हतं. म्हणून सिंहमहाराजांची दवंडी ऐकली तेव्हा धोंडबा आनंदाने रस्त्यातच लोळला. दवंडी होती, 'येत्या पौर्णिमेपासून गोणी उचलणाऱ्या प्रत्येक मजुराला रोज किमान सहा पेंढ्या!'

अस्वलशेठ हादरले. "आता पूर्वतयारी करायला हवी," ते म्हणाले.

जास्तीचं गवत कापून ठेवणं हीसुद्धा पूर्वतयारीच झाली असती. पण इतकी साधी गोष्ट शेठना कशी सुचणार? त्यांनी कोल्हेसाहेबांना बोलावलं. कोल्हेसाहेब सल्ला देत. फी, रोज एक कोंबडी.

तिसऱ्या कोंबडीनंतर कोल्हेसाहेब बोलले, "शेठ, सहा पेंढ्या मजुराला. तुमच्याकडे मजूर आहेत कुठे?"

"ते काय समोर, सत्तावीस!"

"छे! उद्यापासून ते सगळे मुकादम."

शेठनी त्यांना मिठीच मारली. कोल्हेसाहेब थोडक्यात वाचले.

पौर्णिमेला समारंभ झाला. प्रत्येक गाढवाला लाल फेटा, शिट्टी आणि नेमणुकीचा कागद मिळाला. धोंडबा शिट्टी वाजवतच घरी आला.

"अगं, मुकादम झालो!"

"आणि पेंढ्या?"

"चारच. पण शिट्टी बघ ना!"

"शिट्टी उकडून घालू का बाळाला?" गिरजाने कागद ओढून घेतला. शाळेच्या कुंपणाशी चरता चरता ती वाचायला शिकली होती. कागदावर लिहिलं होतं, 'सदर मुकादम कोणतीही गोणी उचलणार नाही.' हे वाक्य घालणं कोल्हेसाहेबांना भागच होतं. गोणी उचलली की मजूर, आणि मजूर म्हटला की सहा पेंढ्या.

गिरजाने ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाली, "अहो, उद्या गोणीला पाठ लावाल तर याद राखा. शेठचा हुकूम आहे!"

तिने तो हुकूम बाकीच्या सव्वीस घरांतही वाचून दाखवला.

सकाळी सत्तावीस मुकादम झाडाखाली बसले.

"अरे, गोण्या कोण उचलणार?" शेठ ओरडले.

"ते मजुरांचं काम, शेठ," धोंडबा अदबीने म्हणाला. "आम्ही देखरेख करू."

दोन दिवसांत मोहाला बुरशी धरू लागली. तिसऱ्या दिवशी शेठनी स्वतःच गोणी पाठीवर घेतली. धोंडबाने शिट्टी फुंकली. "शेठ, वाकून! कंबर धरेल!"

नेमके तेव्हाच दरबारचे तपासनीस बगळेसाहेब आले. एका पायावर उभे राहून त्यांनी वही उघडली. "इथे मजूर किती?"

सत्तावीस तोंडं अस्वलाकडे वळली.

"याला सहा पेंढ्या मिळतात?"

"एकही नाही, साहेब," धोंडबा म्हणाला. खोटं बोलणं त्याला जमतच नसे.

"हरामखोर मालक कोण?"

गोणीखालून शेठनी हळूच पंजा वर केला.

बगळेसाहेबांनी दोन्ही गोष्टी वहीत लिहिल्या. "मालकाने मजुराला सहा पेंढ्या आत्ता, माझ्यासमोर खाऊ घालाव्यात."

शेठ गवत खाऊ लागले. चौथ्या पेंढीला रडू कोसळलं. "साहेब, यांना परत मजूर करा! देतो सहा पेंढ्या!"

"मुकादमांची तयारी आहे का?"

धोंडबाने गिरजाकडे पाहिलं. ती मुद्दाम तमाशा बघायला आली होती.

"सात," गिरजा म्हणाली.

"कायद्याने सहाच आहेत, बाई!"

"सहा मजुरीच्या, शेठ. आणि एक, हे एवढं मोठं पद सोडतायत त्याची."

तात्पर्य : मुलांनो, मोठेपणी मालक झालात तर मजुराला कधीही मान देऊ नका. मजूर तो मान खरा समजतो. त्यापेक्षा मजुरी स्वस्त पडते.