धुण्याच्या मोरीत लेथ स्थापिला त्याची हकीकत

श्रीविश्वकर्म्याचे चरणी तेलकट हस्त जोडून लिहिले ऐसें जे. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, भाद्रपदमासी एका राज्यात राजश्री वामनराव पांचाळ, तीस वर्षे एकाच लेथवर लोखंड कातून निवृत्त जाहलेले, घरी बसोन कंटाळले होते. तों खबर आली की कारखाना उठला आणि रावांचा तोच लेथ भंगारात निघाला. मग राव तडक टेम्पो घेऊन चालून गेले आणि यंत्रासह स्वराज्यात परतले. मग पेच पडला, स्थापावे कोठे? जागा एकच, परसातील धुण्याची मोरी, आणि ती तों राणीसाहेब मंदाकिनीबाई यांची खास जहागीर. बाईंनी तहाची अट घातली, "खंडेनवमीला हत्यारं पुजायची, तोवर हे धूड सरळ कातायला लागलं तर राहील. नाहीतर परत भंगारात." राव कबूल जाहले आणि मोहीम मांडिली, आणि रॉकेल ओतून गंज खरवडला, आणि वंगण घातले, आणि नवा पट्टा चढविला, आणि आनंदे करून ऐसे गाऊ लागले की शेजारच्यांनी खिडक्या लाविल्या.

नवमीस पूजेचे ताट सिद्ध जाहले. मग रावांनी पितळेची कांब कातली, ती एका टोकास जाड, दुसऱ्यास बारीक. पुन्हा कातली, तोच प्रकार. रावांचे तोंड उतरले. "म्हातारा झिजला. नेऊ दे त्याला," ऐसे बोलिले आणि डोळे भरोन आले. बाईंसही पाहवेना.

"अहो, पाणसळ लावून पातळी बघितलीत का?"

"मला कशाला पाणसळ? तीस वर्षं चालवलाय मी हा!"

"चालवलात. बसवलात कधी?"

कारखान्यात यंत्र बसविणारे निराळे आणि चालविणारे निराळे, हे खरेच.

"ही फरशी त्या कोपऱ्यातल्या जाळीकडं उतरती आहे," बाई बोलिल्या. "पाणी तुंबू नये म्हणून गवंड्याच्या मानगुटीवर बसून मीच उतार काढून घेतलाय."

मग पाहतात तों लेथचा एक पाय उतारावर दबून यंत्राची पाठ पिळली आहे, तेणेंच कांब निमुळती निघे! मग बाईंनी पाणसळ धरिली आणि रावांनी पायाखाली पत्र्याचे तुकडे सारिले, आणि बुडबुडा मध्ये येताच बाई "बास!" म्हणोन गर्जल्या. मग कांब कातली, ती दोहों टोकांस केसाचाही फरक नाही. राव मोरीतच नाचले. मग बाईंनी स्वहस्ते यंत्रास हळदकुंकू वाहिले आणि रावांनी हात जोडिले.

"कारखान्यात अशा माणसाला आम्ही मिस्त्री म्हणायचो."

"मग मिस्त्रीचा हुकूम ऐका. मोरी तुम्ही घेतलीत, आता धुणंही तुमच्याकडं."

"होय मिस्त्री," राव बोलिले, आणि इतके खुशीने बोलिले की बाईंस हसू आवरेना.

येणेंप्रमाणे लेथ कायम जाहला, बाईंस मिस्त्रीपद मिळाले. हकीकत रावांच्या तोंडून ऐकोन लिहिली, ते समयी राव चादर पिळीत होते.