सुतकाच्या घरी स्पीकर

खालापूर फाट्याजवळच्या दुकानात रूपेशच्या मोटारसायकलचे नवे स्पीकर पहिल्यांदा वाजले, तेव्हा समोरच्या टपरीवर चहा पीत उभे असलेले दोघे कप हातात धरून चार पावलं मागं सरकले. रूपेशला ते फार आवडलं.

"अजून वाढवा," तो म्हणाला.

"अरे, गाणी तू ऐकणार की गाव ऐकणार?" दुकानाचे मालक कमालभाई म्हणाले.

"गाव."

मोटारसायकल लांबच्या प्रवासाची होती. पुढं मोठी काच, काचेखाली दोन स्पीकर, दोन्ही बाजूंना सामानाचे डबे. रूपेशनं ती लडाखला जायचं म्हणून जुन्या बाजारातून घेतली होती. नेरळचं स्वतःचं सिमेंट-विटांचं दुकान सोडून लडाखला जाणं काही जमलं नव्हतं. आतापर्यंतची सगळ्यात लांबची मजल म्हणजे हीच, खालापूर फाटा. पण जुने स्पीकर घोगरे झाले होते, आणि घोगऱ्या स्पीकरनं लडाखला जाण्यात अर्थ नाही, असं त्याचं मत होतं.

"आणि एक करा," तो म्हणाला. "चावी काढली तरी गाणी चालू राह्यली पायजेत. कुठं थांबलो, डबा खाल्ला, तर बाजूला गाणी वाजतील."

"मग डायरेक्ट बॅटरीवरून वायर घ्यावी लागेल. माझं ऐक, तसं करू नको. चावी बंद तर सगळं बंद, तेच बरं असतं."

"डायरेक्टच घ्या."

कमालभाईंनी डायरेक्ट घेतली. रूपेशचा मोबाइल ब्लूटूथनं स्पीकरला जोडून दिला, म्हणजे गाणी स्पीकरवर आणि फोन मोबाइलवरच, आणि चार्जिंगला लावला. मग दोघांनी मिळून स्पीकर आणखी बराच वेळ पेनड्राइव्हवर वाजवून बघितले. त्या दणदणाटात कोपऱ्यात पडलेला मोबाइल किती वेळा थरथरला, ते कुणालाच कळलं नाही.

निघताना रूपेशनं मोबाइल उचलला, तर बायकोचे, मामेभावाचे, चुलत्याचे, सगळ्यांचे फोन येऊन गेलेले. त्यानं घाईघाईनं बायकोला, रूपालीला, फोन लावला.

"कुठं व्हता तुमी?" रूपाली रडवेल्या आवाजात म्हणाली. "नागूमामा गेले. सकाळी अंगणातच बसले व्हते, बसल्या बसल्या गेले. तुमची वाट बघून बघून शेवटी नेलं त्यांना. आमी मातीला जाऊन परत पण आलो. पोरं शाळेतनं यायची म्हणून मी घरी आले. तुमी तसेच पोशीरला जावा."

रूपेशनं कसंबसं तिला स्पीकरचं सांगितलं आणि मोटारसायकलीला टेकून उभा राहिला. नागूमामा त्याचा सख्खा मामा. वडील गेल्यावर ह्याच मामानं त्याला पोशीरला नेऊन दोन वर्षं सांभाळलं होतं. शेतावर जाताना खांद्यावर बसवून न्यायचा. आणि ही मोटारसायकल पहिल्यांदा दाखवायला नेली, तेव्हा मामानं तिच्याभोवती एक फेरी मारून विचारलं होतं, "एवढी मोठी गाडी कशाला रं घेतलीस? तुला जायचं तरी कुठं हाय?" अंगणात बसलेले सगळे हसले होते. रूपेश चहा न घेताच निघून आला होता, आणि त्यानंतर पोशीरला गेलाच नव्हता.

कर्जतवरून नेरळ, नेरळवरून पोशीर. वाटेत त्यानं गाणी लावली नाहीत. स्पीकर बसवण्यापायी आपण मामाच्या मातीला पोचलो नाही, हे कुणाला सांगायचं कसं, एवढाच विचार डोक्यात. पोशीरच्या वेशीवर येईपर्यंत त्यानं उत्तर तयार केलं होतं.

अंगणात सतरंजी टाकून पुरुष मंडळी गप्प बसली होती. दाराशी पाय धुवायला पाण्याची बादली ठेवलेली. रूपेशनं मोटारसायकल अंगणाच्या कडेला, लोकांपासून जरा लांब उभी केली आणि चावी काढून खिशात टाकली. मामाचा मुलगा साईनाथ उठून पुढं आला.

"आलास?"

"गाडी बंद पडली रं. खालापूरला. ढकलत ढकलत गॅरेजला नेली."

साईनाथनं मोटारसायकलीकडं बघितलं. ती नव्या नवरीसारखी चकाकत होती. कमालभाईंनी काम झाल्यावर पुसूनसुद्धा दिली होती.

"बस," तो म्हणाला.

रूपेश आत जाऊन मामीच्या पाया पडला. कोंडीमामी भिंतीला टेकून बसली होती. डोळे कोरडे. सकाळपासून ती रडली नव्हती, बोलली नव्हती, चहाचा घोटसुद्धा घेतला नव्हता. शेजारी बसलेली जनाआत्या रूपेशच्या कानाशी लागली. "हिला रडवा कुणीतरी. असं दाबून धरलं तर बाईचं काय खरं नाय."

रूपेशला मामीसमोर बसवेना. तेवढ्यात खिशातला मोबाइल थरथरला. रूपालीनं बोलून पाठवलेला निरोप होता. तो उठून मागच्या पडवीत गेला. तिथं पावण्यारावण्यांच्या आंघोळीसाठी चुलीवर पाण्याचं मोठं पातेलं तापत होतं आणि ओल्या लाकडांचा धूर कोंडला होता. रूपेशनं निरोप लावून मोबाइल कानाला धरला. काहीच ऐकू येईना.

त्यानं आवाज वाढवला. पुन्हा लावला. तरी काही नाही.

त्याच वेळी पुढच्या अंगणात कुणीतरी बाई मोठमोठ्यानं बोलायला लागल्यासारखं त्याला वाटलं. शब्द कळत नव्हते. 'सुतकाच्या घरी येऊन काय ही बाई कालवा करते,' असं मनाशी म्हणत त्यानं दुसऱ्या कानात बोट घातलं, आवाज पार शेवटपर्यंत वाढवला आणि निरोप तिसऱ्यांदा लावला. अंगणातली बाई आता केकाटायलाच लागली. कोणी तिला गप्पही करीना. ह्या गोंधळात काही ऐकू येणार नाही, हे ओळखून त्यानं मोबाइल खिशात टाकला. धुरानं डोळे चुरचुरत होते, नाकातून पाणी येत होतं. तोंडाला रुमाल लावून तो पुढच्या अंगणात आला.

सगळे त्याच्याकडं बघत होते. ती बाई मात्र कुठं दिसेना.

कडेला बसलेल्या पोशाकाकांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते. रूपेशला वाटलं, म्हातारा रडतोय. मामाचा जिवाभावाचा दोस्त. तो त्यांच्याजवळ गेला, पाठीवर हात ठेवला. काकांचे खांदे आणखी जोरात हलायला लागले.

"काका, धीर धरा," रूपेश रुमालाआडून म्हणाला.

काकांच्या तोंडातून विचित्र आवाज निघाला आणि ते उठून गोठ्याकडं पळाले.

"रुमाल बरा लावलास," साईनाथ म्हणाला. "वहिनीनं सांगितलं, अगदी तसा."

"कोण वहिनी? काय सांगितलं?"

"तूच ऐक की. आमी तीनदा ऐकलं."

रूपेशला काही उमगेना. त्यानं मोबाइल काढून निरोप चौथ्यांदा लावला, आणि रूपालीचा आवाज अंगणाच्या कडेच्या मोटारसायकलीतून गर्जत बाहेर पडला.

"अहो, स्पीकर बसवायला गेलो व्हतो असं कुणाला सांगू नका, शेण घालतील तोंडात! गाडी बंद पडली व्हती म्हणा! आन् जरा रडा! मामांशी तुमी कधीपासनं बोलला नाय, सगळ्यांना म्हाईत हाय. चार आसवं तरी गाळा. नायच आलं पाणी, तर तोंडाला रुमाल लावून बसा. आन् गाडीच्या गोष्टी काढू नका! तिथं पिठलं-भात असंल, दोनदा वाढून घेऊ नका!"

रूपेशच्या कानशिलांत कढत पाणी ओतल्यासारखं झालं. हा निरोप थांबवायचा, एवढंच त्याला सुचलं. त्यानं मोबाइलवर बोट मारलं. ते भलतीकडंच पडलं. निरोप थांबला आणि हळदीचं गाणं सुरू झालं. ढोल, ताशा, खालूबाजा, वर बायांचा कोरस. दुकानासमोरच्या टपरीवरच्या दोघांना मागं सरकवणारा तोच आवाज.

"बंद कर!" साईनाथ ओरडला.

रूपेश मोटारसायकलीकडं धावला. चावी घातली, फिरवली, काढली, पुन्हा घातली. ढोल वाजतच होता.

"बंद व्हत नाय! डायरेक्ट हाय!"

"काय डायरेक्ट?"

"वायर!"

त्यानं एका स्पीकरवर हात ठेवला, दुसऱ्यावर छाती टेकली. अंगणात बसलेल्यांना असं दिसलं, की मामाला खांदा द्यायला न आलेला भाचा मोटारसायकलीच्या गळ्यात पडला आहे आणि मागं ताशा वाजतो आहे. शेजारच्या घरांतून माणसं बाहेर आली. समोरच्या ओट्यावरची म्हातारी डोळ्यांवर हात धरून विचारायला लागली, "अगं, नागू गेला ना? मग हळद कुणाची?"

"मोबाइल बंद कर, मोबाइल!" कुणीतरी ओरडलं.

रूपेश मोबाइल दाबत दाराकडं पळत आला, पण हात घामानं निसरडे झाले होते. साईनाथनं तो ओढून घ्यायला हात घातला, रूपेशनं घाबरून मागं खेचला, आणि मोबाइल दोघांच्या हातून उडून दाराजवळच्या बादलीत पडला. गाणं थोडं वाजलं, गचकलं आणि थांबलं. मग त्या शांततेत मोटारसायकलीतली बाई गोड आवाजात इंग्रजीत म्हणाली, "डिव्हाइस डिस्कनेक्टेड. गुडबाय."

रूपेश बादलीकडं बघत उभा राहिला. जमीन दुभंगावी, असं त्यानं लोकांना म्हणताना ऐकलं होतं. आता त्याला ती खरंच दुभंगून हवी होती. मोटारसायकलीसकट.

तेवढ्यात घरातून एक आवाज आला. आधी कुणाला कळलं नाही, कसला आहे तो. मग जनाआत्या दारात येऊन म्हणाली, "अगं बाई, ही हसते!"

कोंडीमामी हसत होती. भिंतीचा आधार घेत ती उंबऱ्यापर्यंत आली, एका हातानं चौकट धरली, दुसऱ्या हातानं पोट. "दोनदा... वाढून घेऊ नका..." एवढंच तिला बोलता येत होतं. "आज हे... हे असते ना... लोळले असते गं हसून..." आणि 'हे' म्हटल्यावर तिचा आवाज मधेच तुटला. ती उंबऱ्यावर बसली आणि सकाळपासूनचं सगळं एकदम बाहेर पडलं. जनाआत्यानं तिला पोटाशी धरलं. आतल्या बाया रडायला लागल्या. सतरंजीवरच्या पुरुषांनी उपरणी डोळ्यांना लावली. साईनाथ तोंड फिरवून उभा राहिला.

आणि रूपेशला मामाचा खांदा आठवला. शेताच्या बांधावरून जाताना मामा मुद्दाम डुलत चालायचा, आणि पडू नये म्हणून हा त्याचे केस घट्ट धरायचा. तो खांदा आज लोकांनी उचलून नेला, तेव्हा आपण आवाज वाढवा म्हणत होतो. त्याच्या छातीतून हुंदका आला. मग दुसरा. तो धुळीत फतकल मारून बसला आणि लहान पोरासारखा मोठ्यानं रडायला लागला.

गोठ्याकडून परत आलेले पोशाकाका थांबले.

"बास रं बास," ते म्हणाले. "रूपाली बघायला नाय हितं."

"खरं रडतोय मी, काका!"

"व्हय व्हय. चांगलं जमलंय."

"आईशप्पथ खरं!"

"आन् चार म्हटलं व्हतं वहिनीनं," साईनाथ म्हणाला. आता त्याच्याही ओठांचे कोपरे हलत होते. "ही किती झाली?"

जितकं तो पटवून देत होता, तितकं लोकांना हसू येत होतं, आणि जितके ते हसत होते, तितकं त्याला जास्त रडू येत होतं. रुमालसुद्धा काढायची सोय उरली नव्हती. शेवटी त्यानं शर्टाच्या बाहीला नाक पुसलं आणि मामीकडं बघितलं. निदान तिला तरी कळावं.

मामी पदरानं डोळे टिपत त्याच्याजवळ आली. वाकून त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"उठ बाबा," ती म्हणाली. "सगळं आजच संपवू नको. थोडं दहाव्याला ठेव."