मास्तरांच्या बायकोचं वास्तव्य

पत्र आलं ते मास्तरांच्या पत्त्यावर, पण मास्तरांच्या बायकोच्या नावानं. मास्तरांनी ते जिन्यातच फोडलं, वाचलं आणि तिथंच पायरीवर बसून पुन्हा वाचलं.

मास्तर म्हणजे धुलाईच्या दुकानात मागच्या खोलीत बसून लोकांच्या पँटी आखूड करणारे शिंपी. परदेशात येऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, लग्नाला तीन, आणि बायकोच्या सहवासाला एकूण एकोणीस दिवस. लग्न उरकून ते इकडे परतले, तिला आणण्यासाठी अर्ज केला आणि वाट बघत बसले. तीन वर्षांनी सरकारनं तोंड उघडलं ते असं : 'बाईसाहेब, आपण या देशात राहत असून आपले पती परदेशात राहतात, असे अर्जावरून दिसते. तरी तीस दिवसांत खुलासा करावा, अन्यथा प्रकरण बंद करण्यात येईल.'

प्रकरण बंद म्हणजे नवा अर्ज, आणि पहिल्यापासून पुन्हा तीन वर्षं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते कचेरीच्या खिडकीसमोर उभे राहिले.

"मिसेस कुठायत तुमच्या?" कारकुनानं विचारलं.

"तिकडे, आमच्या देशात. बालवाडीत शिकवते."

"अर्जात तर त्या इथंच राहतात. दुसरा मजला, डावीकडचं दार."

"अहो, तिथं मी राहतो!"

"तुम्ही कसे राहाल? तुम्ही तिकडे राहता." कारकुनानं अर्ज काचेला टेकवून दाखवला. अक्षर मास्तरांचंच होतं, नाकारायची सोय नव्हती. "आणि स्वतःला इथले नागरिक म्हणवलंय. इथला पासपोर्ट आहे?"

"नाही. पण सहा वर्षं कर भरतोय."

"कर कुणीही भरतं हो. नागरिकत्व म्हणजे पासपोर्ट कुठला ते. वास्तव्य म्हणजे रोज झोपता कुठं ते. यात न समजण्यासारखं काय आहे?"

न समजण्यासारखं काही नव्हतंच. मास्तरांनी ते रकाने अगदी विचार करून भरले होते, आणि घोळ झाला तो त्या विचारामुळेच. काम इथं, कर इथं, जिन्यातला दिवा गेला तर तक्रारही इथंच; म्हणजे आपण नागरिक इथलेच, हा त्यांचा सरळ हिशेब. वास्तव्यापाशी मात्र त्यांचं पेन अडलं. 'इथं राहतो' असं लिहायला हात धजेना. इथं ते नुसते दिवस ढकलत होते, राहणं याला म्हणतात होय? त्यांनी गावच्या घराचा पत्ता लिहून टाकला. आणि बायकोचं घर म्हणजे तर हे, जे तिच्यासाठीच घेतलं, तिच्यासाठीच लावलं. तिच्या नावापुढे त्यांनी दुसरा मजला, डावीकडचं दार, असं ठसठशीत लिहिलं होतं.

"चूक झाली. आता दुरुस्त करून देतो," मास्तर काकुळतीला आले.

"आता कसलं? तुमच्या मिसेस बिनपरवाना इथं राहतायत, असं कागद म्हणतोय. घराची तपासणी होणार. त्या तिथं राहत नाहीत, हे सिद्ध करा."

"नसलेलं माणूस नाही, हे कसं दाखवायचं?"

"ते तुम्ही बघा. पुढचे या!"

संध्याकाळी सात वाजता, रोजच्या वेळेला, बायकोचा फोन आला. सगळं ऐकून ती उचकी लागेपर्यंत हसली.

"म्हणजे अहो, मी पोचलेसुद्धा? घर आवडलं का मला?"

"आवडलं असावं. तीन वर्षांत तक्रार नाही तुझी."

"आज कोण आलंय जेवायला?"

"नेहमीचेच दोघं, दुकानातले." मास्तरांनी दोन ताटं एकमेकांवर आपटली. "बस रे बस, वाढतोच! तुझं काय? जेवलीस का?"

"मी? अहो, खाऊन खाऊन सुटलेय नुसती. तुमच्या त्या डावीकडच्या दारात मावेन का बघा!"

फोन ठेवल्यावर मास्तरांनी एक ताट परत फळीवर ठेवलं आणि दुसऱ्यात वाढून घेतलं.

तपासनीस बाई गुरुवारी दुपारी आल्या. उंच, चष्मा, हातात कागद अडकवलेली पाटी. दारातच त्यांना लेडीज चपलांचा जोड दिसला. मोरीत दोन ब्रश होते. पलंगावर दोन उशा. हे सगळं आदल्या दिवशी उचलून ठेवावं, असं मास्तरांच्या मनात येऊन गेलं होतं, पण चपलांना हात लावला आणि त्यांना ते करवेना.

"एकटे राहता म्हणालात ना?"

"हो."

"मग हा ब्रश?"

"तिचा. आली की लागेल."

"उशी?"

"तीपण आली की लागेल."

बाईंनी पाटीवर काहीतरी बरंच लांब लिहिलं. एवढ्यात उघड्या दारातून शेजारच्या, मास्तरांच्याच मुलखातल्या आजींनी डोकं आत घातलं. सरकारी माणूस बघून त्यांच्या अंगात बळ आलं.

"त्याच्या बायकोबद्दल विचारताय ना? रोज सात वाजता झापते त्याला. भिंतीतून सगळं ऐकू येतं मला. काल भाजीत मीठ जास्त पडलं त्यावरून केवढी बोलली! गुणाची पोर आहे हो." मग आजींनी आवाज खाली आणला. "पण हा तिला बाहेर पडू देत नाही. तीन वर्षांत एकदा दृष्टीला पडलेली नाही!"

तपासनीस बाईंचा चष्मा नाकावर घसरला. बिनपरवाना बायकोपर्यंत ठीक होतं, आता ती कोंडलेलीही निघाली.

"बाहेर बोलवा त्यांना," त्या कडक आवाजात म्हणाल्या, आणि मास्तरांची वाट न बघता त्यांनी स्वतःच कपाट उघडलं.

कपाटात बायको नव्हती. अकरा ड्रेस होते. निळे, पिवळे, बारीक फुलांचे, ओळीनं टांगलेले. बाईंनी एकाची बाही धरून ओढली, तर बाही हातातच आली.

"हे उसवलंय."

"उसवलं नाही हो, कच्चं आहे ते," मास्तरांतला शिंपी दुखावला. "अंगावर घालून बघितल्याशिवाय मी पक्की टीप मारत नाही. बाही, कंबर, खालची पट्टी, सगळं कच्चंच ठेवतो."

बाईंनी दुसरा ड्रेस उलटा केला. मग तिसरा. अकराही उलटे करून पाहिले. सगळीकडे तोच लांब टाक्यांचा पांढरा कच्चा दोरा.

"तीन वर्षांत एकसुद्धा घालून बघितलेला नाही?"

"बघणार कुणाला घालून?" मास्तर म्हणाले. "माणूसच नाही ना."

"अगंबाई! मग ती सातची?" आजींनी विचारलं.

"फोनवर असते, आजी. मला जरा कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्यानं लावतो."

बाईंनी आधी लिहिलेलं सगळं खोडलं, बाही जागेवर टांगायचा प्रयत्न केला, आणि जाता जाता विचारलं, "मापं कधीची?"

"लग्नातली."

"मग कच्चंच राहू द्या. तीन वर्षं मापं थांबत नाहीत."

आठ दिवसांनी पत्र आलं, या वेळी मास्तरांच्या नावानं. सातच्या फोनवर त्यांनी ते बायकोला खड्या आवाजात वाचून दाखवलं. "'सदर इसम या पत्त्यावर पूर्णपणे एकटा राहतो. त्याच्याकडे कोणीही येत-जात नाही, याची शेजारी चौकशी करून खात्री केली आहे. अर्ज दुरुस्त करून मंजूर करण्यात येत असून पत्नीस दोन महिन्यांत...' ऐकतेयस ना? मंजूर!"



"कोणीही येत-जात नाही?" तिनं हळूच विचारलं.

मास्तरांनी पत्राची घडी घातली. "सरकारी भाषा गं ती."

"मग ते दुकानातले दोघं? ताटांचा आवाज यायचा तो?"

"मीच वाजवायचो," मास्तर म्हणाले. मग विषय बदलायला घाईघाईनं टेप शोधू लागले. "ते राहू दे. तू मापं सांग नवी. कंबर किती?"

"आल्यावर घ्या की."

"आत्ता सांग. लग्नात अठ्ठावीस होती. सुटलेयस ना? तीस धरू?"



"पंचवीस," ती म्हणाली. "एकटीला घास उतरत नाही हो."

मास्तरांनी पेन्सिलीनं पंचवीस लिहिलं. आकडा त्यांना नीट दिसत नव्हता. अकराही ड्रेस त्यांनी पलंगावर काढले, पहिला मांडीवर घेतला आणि कंबरेचा दोरा ओढायला हात घातला.

"अहो, पंचवीसवर टीप नका मारू. आजपासून जेवते मी. सव्वीस धरा."

तेवढ्यात भिंतीवर थाप पडली.

"अठ्ठावीसच राहू दे रे, उगाच उसवत बसू नकोस!" आजींचा आवाज आला. "आणि ते ताट आपटू नकोस आता. घेऊन इकडे जेवायला ये."