किल्ली घरात, अर्जी दारात

गुपित प्राणापलीकडे जपणारा माणूस माझ्या पाहण्यात एकच आला: शेगावचे मुनीरभाई. गुपित जपायला बसण्याआधी ते स्टेशन रोडवरच्या चारपाच दुकानांना तसं ओरडून सांगतात.

पूर्वी त्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले. एंटर दाबताना त्यांचा डावा हात मात्र अजून रूळ ढकलल्यासारखा झटकतो. माझा गावात लहानसा लॉज आहे. भक्त देवाच्या भरवशावर येतात, पण आगाऊ पैसे भरताना ब्राउझरचं ऐकतात. तो ‘ही साइट सुरक्षित नाही’ म्हणाला, की समोरच्या लॉजवर जातात. म्हणून दरवर्षी साइटचं सर्टिफिकेट नवं करायचं, आणि त्यासाठी आधी मुनीरभाईंकडे जायचं. त्यांचा कॉम्प्युटर दोन वस्तू तयार करतो: एक गुप्त किल्ली, जी आपल्याकडेच राहते, आणि एक अर्जी, जी सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीकडे जाते.

“किल्ली घरात, अर्जी दारात,” हे मुनीरभाईंचं ब्रीद. किल्ली बनायची त्या क्षणी ते मला दुकानाबाहेर उभं करायचे. साइट माझीच असायची. मी एकदा म्हटलं, ती अगम्य अक्षरं बघून मला काय कळणार?

“तुमाले कळत नाही, हे किल्लीले कुठं मालूम हाय?”

मग आत बोलावून, निकाहात काझीनं विचारावं तसे प्रश्न. देश? राज्य? गाव? संस्था? विभाग? साइटचं नाव ते तीनदा वदवून घ्यायचे. एक अक्षर चुकलं तर सर्टिफिकेट वाया. विभागापाशी मी अडायचो. लॉजवर कर्मचारी म्हणावेत असे मी आणि गीझर. विभाग रिकामा सोडला तरी चालतो, असं मी वाचून गेलो होतो.

“चालते,” ते म्हणाले, “पन शोभत नाही.”

तेव्हापासून माझ्या लॉजला प्रशासन विभाग आहे.

पुढे भाच्यानं सांगितलं, की आजकाल हे सारं आपोआप होतं, माणूस लागतच नाही. आता मुनीरभाईंचं पितळ उघडं पडणार, अशा आनंदात मी त्यांना गाठलं. ते म्हणाले, “हाव, होते ना. देतो लावून.” आणि खरंच दिलं लावून. मी जरा हिरमुसलोच.

मग बातमी आली, की सर्टिफिकेटांची मुदत कमी होणार: वर्षाची सहा महिन्यांवर, पुढे दीड महिन्यावर. हातानं अर्ज्या करणारे सगळे कुरकुरत होते. मुनीरभाईंनी जिलबी वाटली.

ती खात मी कारण विचारणार, तोच फोन वाजला. पुण्याहून रुबिना, त्यांची एकुलती एक मुलगी. तिची एक साइट आहे, आईच्या हातच्या पदार्थांची. आई आता नाही. साइटचं सर्टिफिकेट संपत आलं होतं.

या वेळी मुनीरभाई मला बाहेर काढायला विसरले. त्यांनी देश विचारला, मग खोकला गेला का ते. राज्य विचारलं, मग घरमालक, मग जावयाची बदली. माझी जिलबी संपली तरी आम्ही गावापर्यंत पोचलो नव्हतो.

“गाव?” त्यांनी अखेर विचारलं.

“शेगाव, अब्बा.”

पुण्यात राहणाऱ्या मुलीचं हे उत्तर त्यांनी न तपासता टाइप केलं.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, तिचंही आपोआप लावून द्या की. ते कीबोर्डवरची नसलेली धूळ पुसत राहिले.

“मंग पोरगी फोन कायले करन, भाऊ? कामात राह्यते. सालातून एकदा असं घंटाभर बोलते.” जिलबीचा पुडा त्यांनी माझ्याकडे सरकवला. “आता दोनदा बोलन.”

ईदला रुबिना आली तेव्हा मी सहज विचारलं, पुण्यात नेमकं काम काय करतेस? अब्बांना ती ‘बँकेत आहे’ एवढंच सांगते. बँकेच्या सगळ्या साइटींची सर्टिफिकेटं माणसाचा हात न लागता आपोआप नवी होत राहावीत, हे बघणं तिचं काम आहे.