सांत्वनाचं कार्ड

वरच्या मजल्यावरचे विद्याधर गेले तेव्हा शुभदाच्या मनात पहिला विचार आला तो राखाडी कागदाचा. घरात पुरेसा आहे की आणावा लागेल? त्यांच्या बायकोचा, श्यामलाताईंचा विचार त्यानंतर आला, आणि हा क्रम चुकल्याची तिला जराशी लाजही वाटली. पण बंगलोरमधल्या हेब्बाळच्या त्या सोसायटीत कुणाकडे बारसं असो की मरण, मराठी मंडळाच्या वतीने द्यायचं कार्ड शुभदानेच करायचं, हे आता ठरूनच गेलं होतं. नवरा पद्माकर सरकारी कारखान्यातून निवृत्त होऊन घरी बसला त्या वर्षी तिने इंदिरानगरला कार्डांचा क्लास लावला. तेव्हापासून जेवणाचं अर्धं टेबल शाईचे पॅड, स्टेन्सिलं, स्पंज आणि शिक्के यांच्या ताब्यात होतं. उरलेल्या अर्ध्यावर दोघं जेवायची.

बाजारातले शिक्के सगळे इंग्रजी. म्हणून तिने जयनगरच्या एका शिक्केवाल्याकडून स्वतःच्या अक्षरात मराठी शिक्के करून घेतले होते. त्यातले दोन जोडीचे होते. एकावर ‘तुमच्या सुखात आम्ही सहभागी आहोत’, दुसऱ्यावर ‘तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत’. लाकडी मूठ सारखी, लांबी सारखी. ओळखू यावेत म्हणून मुठीवर कागदाची चिठ्ठी चिकटवलेली.

विद्याधरांचं कार्ड तिने मन लावून केलं. स्टेन्सिलने एक निष्पर्ण फांदी काढली, मागे स्पंजने निळसर धुकं फिरवलं, खाली ‘दुःख’ चिठ्ठीचा शिक्का उमटवला, ओल्या शाईवर चंदेरी पूड भुरभुरली आणि हीट गनने ती वितळवली. शिक्का उमटवताना ती शब्द वाचत नसे. अक्षर फुटलंय का, कडेची शाई लागलीय का, एवढंच बघत असे. सगळं स्वच्छ उठलं होतं.

मंडळाच्या लोकांनी सह्या केल्या. सांत्वनाचं कार्ड कुणी वाचत बसत नाही. जो तो आधी पेन चालतंय का ते बघतो आणि मग मोकळी जागा शोधतो. श्रीरंगांनी सहीवर ‘अगदी मनापासून’ असं लिहिलं. सोसायटीचे सेक्रेटरी योगीराज विद्याधरांबरोबर रोज सकाळी तळ्यावर फिरायला जायचे. विद्याधर शेवटचे दोन महिने अंथरुणाला खिळलेले, म्हणून त्यांनी लिहिलं, ‘सुटका झाली’. संध्याकाळी पद्माकर वर जाऊन ते कार्ड विद्याधरांच्या मुलाच्या, अर्णवच्या हातात देऊन आला.

चार दिवसांनी शुभदा शमिकाच्या, म्हणजे तिच्या पुण्याच्या भाचीच्या, साखरपुड्याचं कार्ड करायला बसली. गुलाबी कागद, मोगऱ्याचं स्टेन्सिल, सोनेरी पूड. हीट गनखाली सोनं वितळून चमकायला लागलं आणि तिने पहिल्यांदाच ओळ वाचली. ‘तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.’

तिने हीट गन बंद केली.

“अहो, माझ्या शिक्क्यांना कुणी हात लावला होता?”

पद्माकर पेपर वाचत होता. “हात लावला म्हणजे, स्वच्छ केले. स्पिरिटने. काय मळ होता त्यांच्यावर.”

“आणि चिठ्ठ्या?”

“त्या भिजून सुटल्या, मग परत चिकटवल्या.”

“वाचून?”

“रबरावर अक्षरं उलटी असतात, वाचणार कशी? पण डोकं लावलं ना. दुःखाचा शिक्का कमी वापरला जाणार. म्हणून जो कमी झिजलेला होता, त्याला दुःख लावलं.”

“आपल्या सोसायटीत सगळी साठीच्या पुढची माणसं आहेत,” शुभदा म्हणाली. “लग्नं कितीशी होतात इथे?”

पद्माकरने पेपर खाली ठेवला. वर गेलेलं कार्ड त्याच्याही डोळ्यांसमोर आलं असावं, कारण बराच वेळ त्याने छताकडेच पाहिलं.

“कदाचित वाचलं नसेल,” तो शेवटी म्हणाला. “अर्णवला मराठी वाचता येत नाही.”

“श्यामलाताईंना येतं.”

एकच उपाय होता. दुसरं कार्ड करायचं, हुबेहूब तसंच, भेटायला म्हणून वर जायचं आणि फोटोशेजारचं पहिलं उचलून तिथे दुसरं ठेवायचं. कार्ड तासाभरात झालं. अडचण सह्यांची होती. शुभदा पुन्हा दारोदार हिंडली, आणि प्रत्येक दारात पेन घ्यायच्या आधी माणसाचा चेहरा पडे.

“आता कोण गेलं?” श्रीरंगांनी विचारलं.

“कुणी नाही. विद्याधरांचंच आहे. पहिलं कार्ड द्यायच्या आधीच खराब झालं. पाणी पडलं त्याच्यावर.”

श्रीरंगांनी सुटकेचा श्वास टाकला आणि न वाचता पुन्हा ‘अगदी मनापासून’ लिहिलं. योगीराज मात्र पेन हातात घेऊन थांबले.

“पाणी? कुठून पडलं वहिनी?”

“असंच. टेबलावर.”

“टेबल कुठल्या भिंतीला आहे?” त्यांनी विचारलं. गळती हा योगीराजांचा अत्यंत जिव्हाळ्याचा विषय होता. “वरून आलं का? तुमच्या डोक्यावर त्यांचं बाथरूम येतं.”

शुभदाला दुपारपासून खोटं बोलून थकवा आला होता. ती “असेल” म्हणाली. त्या एका शब्दाने पुढचं सगळं झालं.

संध्याकाळी ती पर्समध्ये नवं कार्ड घालून निघणार, तेवढ्यात दारात योगीराज उभे. मागे प्लंबर दयानंद, हातात पान्हा.

“चला, वर बघून घेऊ.”

“अहो, दिवस झाले नाहीत अजून त्यांचे.”

“पाण्याला सुतक नसतं वहिनी. स्लॅबमध्ये उतरलं तर पूर्ण ब्लॉकचं काम निघेल.”

मग पद्माकरसकट चौघं वर गेली. दार अर्णवने उघडलं. त्याचं डोकं नुकतंच भादरलेलं होतं आणि डोळे सुजलेले होते. हॉलमध्ये विद्याधरांचा फोटो, हार, समई आणि बाजूला आलेली पत्रं-कार्डं. फोटोतले विद्याधर नेहमीसारखेच, आपल्या मनासारखं काही होत नसल्यासारखे बघत होते. योगीराजांनी हलक्या आवाजात गळतीचं सांगितलं. घरात मरण झालेला माणूस कशालाच नाही म्हणत नाही, तसं अर्णवने बाथरूमकडे बोट दाखवलं.

पद्माकरला बजावून ठेवलं होतं, की अर्णवला बोलण्यात गुंतवायचं. मेलेल्या माणसाबद्दल काय बोलावं हे त्याला आयुष्यात कधी सुचलं नव्हतं. म्हणून त्याने बोअरवेलच्या मोटरचा विषय काढला. ती का जळते, किती खोलीवर बसवायला हवी होती, हे तो सांगत राहिला, आणि अर्णव डोळे पुसत मान हलवत राहिला. तेवढ्यात शुभदा फोटोशेजारची कार्डं चाळून गेली. तिचं कार्ड त्यात नव्हतं.

बाथरूममधून ठोकल्याचे आवाज आले. मग दयानंद बाहेर आला.

“लीक इल्ला सर,” तो म्हणाला. “एकदम सुका आहे. काम चांगला केलाय. टाइल्स पण रफ टाकलेत, ग्रिपवाले. इथे माणूस पाय घसरून पडणारच नाही.”

हॉलमध्ये पद्माकरची मोटर मध्येच थांबली.

श्यामलाताई त्या बाथरूममध्ये पडल्या होत्या. एकदा मनगट मोडून घेतलं, एकदा कपाळाला टाके पडले, आणि एकदा महिनाभर त्या काठी घेऊन चालत होत्या. दर वेळी विद्याधर लिफ्टमध्ये भेटणाऱ्याला सांगत, “बाथरूममध्ये घसरली.” दर वेळी माणसं म्हणत, “जपा हो.” योगीराजांनी तर एकदा नोटीस बोर्डावर लावलं होतं, की ज्येष्ठ नागरिकांनी न्हाणीघरात रबरी मॅट वापरावी. नोटीस विद्याधरांच्या आग्रहावरून लागली होती.

योगीराज आत गेले. अनवाणी पायाने त्यांनी फरशी एकदा इकडून, एकदा तिकडून घासून पाहिली. बाहेर आले तेव्हा ते फोटोकडे न बघता दयानंदला “सरी, सरी, ठीक आहे, चल” म्हणाले आणि जिन्याने खाली उतरून गेले. लिफ्ट मजल्यावरच उभी होती.

“काय शोधतेयस, शुभदा?”

श्यामलाताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. शुभदाने हातातली पत्रं सरळ केली.

“काही नाही ताई.”

“आत ये. डिकॉक्शन पडतंय.”

आत कॉफीचा दाट वास भरला होता. ओट्यावर नवाकोरा फिल्टर होता, आणि फिल्टरला टेकून, येता-जाता दिसेल असं, राखाडी कार्ड उभं होतं. चंदेरी अक्षरं लांबूनही वाचता येत होती. ‘तुमच्या सुखात आम्ही सहभागी आहोत.’

“बंगलोरला येऊन तीस वर्षं झाली,” श्यामलाताई म्हणाल्या, “पण यांना वास खपायचा नाही, म्हणून कॉफी आली नाही घरात.”

“ताई, त्या कार्डात चूक झालीय. शिक्का…”

“माहितीय.”

“म्हणजे?”

“पाकिटातून काढलं आणि वाचलं, तेव्हाच कळलं. इथे मुद्दाम असं कोण लिहिणार आहे?”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. त्या दूध तापायची वाट बघत होत्या.

“मग फाडून का नाही टाकलंत?”

“फाडणारच होते. मग खाली वाचलं. अगदी मनापासून. सुटका झाली. सगळ्यांच्या सह्या.” त्यांनी गॅस बारीक केला. “हसू आलं गं. बाहेर अर्णव रडतोय, बायका जमल्यात, आणि मी इथे तोंडात पदर कोंबून हसतेय. थांबेचना. त्या आत आल्या, त्यांना वाटलं रडतेय. सगळ्यांनी पाठीवरून हात फिरवले. मग खरंच रडू आलं. कशाचं ते नाही कळलं.”

शुभदाने पर्समधून नवं कार्ड काढलं. ते द्यावं की नाही हे ठरायच्या आत श्यामलाताईंनी ते तिच्या हातून घेतलं आणि हात लांब धरून वाचलं.

“हे पण छान झालंय. हे अर्णवला दे. त्याला मात्र फार वाईट वाटतंय. त्याच्याशी चांगलं वागायचे हे.”

“आणि ते?”

“ते राहू दे इथेच. चुकून का होईना, पण सगळ्यांनी म्हटलंय.”

शुभदाला काहीतरी बोलायचं होतं. वीस वर्षं ती या घराच्या बरोबर खाली राहत होती, आणि पडल्याचे आवाज बाथरूमच्या बाजूने कधीच आले नव्हते. ते बेडरूमच्या बाजूने यायचे.

“ताई,” ती म्हणाली, “मला खाली ऐकू यायचं.”

“हो ना,” श्यामलाताई म्हणाल्या. “मग तुझा टीव्ही मोठा व्हायचा. तो मला वर ऐकू यायचा.”

त्यांनी पेल्यांत कॉफी ओतली.

“साखर घालू का तुला?”

उत्तराची वाट न बघता त्यांनी चमचाभर घातली. दोघींनी ओट्याशी उभं राहून कॉफी प्यायली. साखर घालूनही ती कडू होती, आणि शुभदाने शेवटच्या घोटापर्यंत संपवली.

बाहेर येऊन तिने अर्णवला कार्ड दिलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “काय लिहिलंय, मावशी? मला ही लिपी येत नाही नीट.”

शुभदाने वाचून दाखवलं. “तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.” आपलीच ओळ मोठ्याने म्हणताना तिची जीभ मध्येच अडली. अर्णवला वाटलं तिलाही भरून आलंय. तो तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडला. शुभदाने त्याच्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला आणि बापाच्या फोटोकडे पाठ केली.

जिन्यात पद्माकरने दबक्या आवाजात विचारलं, “जमलं? बदललंस?”

“नाही. नवं अर्णवला दिलं.”

“आणि आधीचं?”

“त्यांच्याकडेच आहे.”

“त्यांनी वाचलं?”

“रोज वाचतात. कॉफी पिताना.”

पद्माकर वळणावर थांबला. शुभदा दोन पायऱ्या पुढे गेली आणि तो येत नाही म्हणून मागे वळली. कठड्याला धरून तो काहीतरी हिशेब करत असल्यासारखा उभा होता. सदतीस वर्षांच्या संसारात हा चेहरा तिने फक्त एकदा पाहिला होता, कारखान्यात त्याच्या हाताखालचं एक मोठं यंत्र ऐन चाचणीच्या दिवशी बंद पडलं तेव्हा.

“अगं,” तो म्हणाला, “उद्या मी गेलो, तर तुला कुठलं कार्ड आलेलं बरोबर वाटेल?”

शुभदाने उत्तर द्यायला जरा जास्तच वेळ घेतला.

“बघू,” ती म्हणाली. “अजून वेळ आहे तुमच्याकडे.”