उजव्या खिशाच्या जरा आत

आमच्या रुग्णालयात खऱ्या रुग्णांवर शिकणे बंद करण्यात आले आहे, हे कळविण्यास अत्यंत आनंद होतो. पहिल्या मजल्यावरची चादरींची खोली रिकामी करून तिथे खेळ-कक्ष थाटला आहे. शिकाऊ डॉक्टर डोळ्यांवर जाड चष्मा चढवतो आणि समोर हवेत आदर्श रुग्ण प्रकट होतो. तो एका वाक्यात दुखणं सांगतो आणि मग गप्प बसतो. त्याला नातेवाईक नाहीत. त्याच्या छातीखाली चार पर्याय उमटतात. बरोबर पर्याय निवडला की गुण मिळतात. चुकला की रुग्ण मरतो आणि लगेच उठून बसतो. मी इथला प्रशिक्षण अधिकारी. गुणांचा फळा मुख्य दारात टांगायची कल्पना माझीच.

फळ्यावर सगळ्यात वर एक तरुण डॉक्टर आहे. त्याला सगळे अव्वल म्हणतात. गुण नऊ हजार आठशे चाळीस. सगळ्यात खाली आमच्या मोठ्या सिस्टर. नोकरी बत्तीस वर्षं, गुण शून्य. खेळ सुरू झाला की बाई सवयीने हवेतल्या रुग्णाच्या पोटाला हात लावायला जायच्या, आणि यंत्र 'अनावश्यक हालचाल' अशी नोंद करायचं. तीनदा नापास झाल्यावर नियमानुसार त्यांना रुग्णांपासून दूर केलं आणि दाराशी चष्मे पुसायला बसवलं.

पुढे वेगळीच पंचाईत झाली. अव्वल वॉर्डात खाटेशी उभा राहायचा, रुग्ण तोंडाला येईल ते सांगत सुटायचा, आणि पर्याय कधी येतात याची वाट बघत अव्वल नुसते अंगठे हलवायचा. तक्रारी आल्या, समिती बसली. खेळाचा आणि रुग्णांचा मेळ बसत नाही, यावर एकमत झालं. खेळ बदलायचा तर कंपनीची परवानगी लागत होती. रुग्ण बदलायला कुणाचीच लागत नव्हती. म्हणून मी परिपत्रक काढलं: प्रत्येक रुग्णाने तपासणीपूर्वी चष्मा लावून आदर्श रुग्णाप्रमाणे दुखणे सांगण्याची परीक्षा द्यावी, साठ गुणांना हिरवी पट्टी, पट्टीविना प्रवेश नाही. भाषा इतकी झकास उतरली होती की मी ते बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं.

पंधरा दिवसांनी तिचाच फोन आला. "बाबांच्या पोटात फार दुखतंय. घेऊन येतेय. आणि तुमचं ते परिपत्रक माझ्यासमोर काढू नका."

मी काढलं नाही. ते दारावर चिकटवलेलंच होतं.

माझे सासरे जन्मभर कपडे शिवत आले. स्टुलावर बसवून त्यांना चष्मा चढवला. यंत्राने विचारलं, वेदना कुठे आहे?

"सकाळी बेंबीपाशी होती," सासरे म्हणाले. "आता सरकलीय. पँटचा उजवा खिसा लागतो ना, त्याच्या जरा आत."

यंत्राला खिसा ठाऊक नव्हता. एकतीस गुण. दुसऱ्या खेपेला अडतीस. तिसऱ्या खेपेला घामाने चष्म्याच्या काचा धुरकटल्या.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले, "जरा उत्तरं सांगता का?"

चष्मा पुसायला मोठ्या सिस्टर उठल्या. त्यांनी चष्मा बाजूला ठेवला, सासऱ्यांना बाकावर आडवं केलं, खिशाच्या जरा आत हात हळूहळू दाबला आणि एकदम सोडला. सासऱ्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"अपेंडिक्स आहे. फुटायच्या बेतात. सर्जनना बोलवा."

"सिस्टर, तुम्ही नापास आहात," मी म्हणालो. सवयच, दुसरं काय.

"बरं. मग पास झालेल्यांना विचारून या. मी बसते यांच्यापाशी."

मी सर्जनना बोलवायला निघालो आणि दारातच अडखळलो. आमचे सर्जन जुने. चष्म्याने चक्कर येते म्हणून त्यांना खेळातून सूट आहे, पण फळ्यावरच्या डॉक्टरची चिठ्ठी असल्याशिवाय त्यांना सुरी उचलता येत नाही. हेही माझ्याच परिपत्रकात आहे, कलम सात. शेवटी मीच चष्मा चढवला आणि सासऱ्यांच्या नावाने परीक्षा दिली. उजव्या बाजूस, खालच्या भागात, तीव्र स्वरूपाची वेदना. शहाण्णव गुण पडले. हिरवी पट्टी त्यांच्या मनगटाला बांधली आणि त्यांना ढकलगाडीवरून आत नेलं.

अव्वल आला. सासरे कण्हत होते. तो त्यांच्या छातीखालची हवा निरखत उभा राहिला, अंगठे चालूच. मोठ्या सिस्टर त्याच्या मागे जाऊन सावकाश म्हणाल्या, "पर्याय तिसरा. अपेंडिक्स, तातडीने शस्त्रक्रिया."

अव्वलचा जीव भांड्यात पडला. त्याने चिठ्ठी लिहिली, वीस मिनिटांत सासरे टेबलावर होते. सर्जन नंतर म्हणाले, तासभर उशीर झाला असता तर कठीण होतं.

अव्वलच्या खात्यात दोनशे गुण जमा झाले. मोठ्या सिस्टरना रुग्णास अनधिकृत स्पर्श केल्याबद्दल कारणे दाखवा नोटीस निघाली. तिच्यावर सही माझी आहे. ती करताना मला लाज वाटली, पण लाजेसाठी फॉर्ममध्ये रकाना नव्हता. सासरे आता घरी ठणठणीत आहेत आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, "दाखवायचं तर अव्वललाच. गुण बघा त्याचे."

तुम्हाला हसू येत असेल. पण परवा तुम्ही आमच्याकडे आला होतात, मी पाहिलं. आल्या आल्या फळा वाचलात आणि वरच्या नावाच्या रांगेत उभे राहिलात. दाराशी चष्मे पुसणाऱ्या बाईंनी तुम्हाला विचारलं, "काय होतंय?"

तुम्ही म्हणालात, "डॉक्टरांनाच सांगतो."